नीरजचा थ्रो बघून भाला शिकताना

आमच्या मैदानावरची पोरं नीरज चोप्राची आरोळी तेवढी पटकन उचलतात. ती राहू द्या. टोकियोतला 87.58 मीटरचा थ्रो हळू करून बघा आणि नजर हातावर नको, डाव्या पायावर ठेवा. शेवटच्या पावलाला तो पुढे ताठ रोवला जातो. धावेचा वेग तिथे अडतो आणि कंबर, छाती, खांदा करत भाल्यात उतरतो. हात सगळ्यात शेवटी. तोवर तो मागेच, तळवा वर.

सुरुवातीला भाला नकोच. जड चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून फेका, मग आडव्या पावलांची धाव. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा असतो, शाळकरी पोरांना हलका द्या. कोपर खांद्याखाली घसरलं की सराव थांबवा. 2019 मध्ये नीरजच्याच कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती.

आणि हो, टोक आधी टेकलं नाही तर फेक बाद.