'हाकलून दिले'चे इंग्रजी कसे करावे

जळगाव-धुळ्याकडच्या तक्रारअर्जांत 'हाकलून दिले' पावलोपावली भेटते. त्याला एकच इंग्रजी शब्द ठरवून ठेवला की भाषांतर फसते. आधी पाहा: कोणी काढले, कुठून काढले, हुकमाने की दांडगाईने?

भाडेकरूला कायदेशीर मार्गाने घराबाहेर काढले तर इव्हिक्ट. इथली हमखास चूक 'खाली करणे'तून येते. मालकाने भाडेकरूला 'व्हेकेट' केले, असे लिहितात. पण व्हेकेट करतो तो भाडेकरू, आणि करतो ते घर. मालकाचे वाक्य असे: 'इव्हिक्टेड द टेनंट फ्रॉम द हाउस'. 'भाडेकरूला'तला 'ला' किंवा अहिराणी 'त्याले'तला 'ले' पाहून तिथे 'टू' घुसवू नका. सातपुड्यातल्या वनजमिनींच्या कागदांत 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(5) येते. त्यात 'इव्हिक्टेड ऑर रिमूव्ह्ड' अशी जोडी आहे, ती तशीच ठेवा.

सासरच्यांनी सुनेला काढले, तिथे मात्र इव्हिक्ट नको. त्याला भाडे-ताब्याचा वास येतो. 'ड्रिव्हन आउट ऑफ द मॅट्रिमोनियल होम' हे कोर्टात रुळलेले आहे.

तडीपार म्हणजे एक्स्टर्न. डिपोर्ट लिहिले तर माणूस थेट देशाबाहेर जातो! महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 55 ते 57 खाली माणूस ठरावीक हद्दीबाहेर जातो, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे. एक्स्टर्न हा शब्द भारताबाहेर फारसा कुणाला कळत नाही, म्हणून परदेशी वाचकासाठी हद्द आणि मुदत वाक्यातच लिहा.

सरकारी नोकरीत जपून. 'सेवेतून काढून टाकणे' म्हणजे रिमूव्हल, 'बडतर्फी' म्हणजे डिसमिसल. 1979 च्या शिस्त व अपील नियमांनुसार बडतर्फ माणसाला पुढे सरकारी नोकरीची दारे सामान्यतः बंद होतात, काढून टाकलेल्याला नाही. इथे शब्दांची अदलाबदल झाली तर शिक्षाच बदलते.

शाळेतून काढले तर एक्स्पेल. अविश्वास ठरावाने सरपंच गेला तर बातमीच्या मथळ्यात औस्ट चालते. केळीच्या बागेतून रानडुकरे हाकलली तर 'ड्राइव्ह अवे'.

'थ्रो आउट' बोलीतला आहे. साक्षीदाराच्या तोंडी शोभतो, आदेशात नाही. आणि मूळ जबाबात 'बळजबरीने' नसेल तर 'फोर्सिबली' पदरचे घालू नका. उलटतपासणीत वकील नेमका तोच शब्द पकडतो.