मोठ्या सामन्याला जाताना: बॅग, दारे, गर्दी आणि अफवा

१३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सवर फ्रान्स आणि जर्मनीचा फुटबॉल सामना चालू होता. तिघा आत्मघातकी हल्लेखोरांनी स्वतःला उडवले, पण तिघेही स्टेडियमच्या बाहेर. तिथे एका वाटसरूचा जीव गेला. त्याच रात्री शहरात इतरत्र झालेल्या हल्ल्यांत कितीतरी माणसे मारली गेली, त्याच्या मानाने भरलेल्या स्टेडियमवरचा हा हल्ला फसला असेच म्हणावे लागेल. स्फोटांचे आवाज आत ऐकू आले तरी सामना थांबवला नाही. हजारो लोकांना त्या क्षणी रस्त्यावर सोडणे म्हणजे त्यांना नेमके धोक्याच्या दिशेने ढकलणे ठरले असते. सामना संपल्यावर कित्येक प्रेक्षक मैदानावर उतरून थांबले, आणि त्या वेळी सर्वांत सुरक्षित जागा तीच होती.

यावरून प्रेक्षकाने दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. तपासणीच्या आतली जागा बाहेरच्यापेक्षा बहुधा जास्त सुरक्षित असते. म्हणून गेटबाहेरची रांग आणि सामन्यानंतरची गर्दी या दोन्ही ठिकाणी रेंगाळू नका. दुसरे म्हणजे, धोका दिसला की बाहेरच पळायचे असे नाही. माइकवरून ‘जागेवर थांबा’ अशी सूचना आली, तर त्यामागे बहुतेक वेळा असेच कारण असते.

निघण्यापूर्वी

बॅग न नेणे सर्वांत उत्तम. न्यावीच लागली तर स्टेडियमच्या नियमांत दिलेले माप टेपने मोजून बघा, ‘लहानच आहे’ असा अंदाज करू नका. अमेरिकेतल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने २०१३ पासून पारदर्शक बॅगेचा नियम लावला. तिचे कमाल माप साधारण ३० × १५ × ३० सेंटिमीटर आहे. इतर ठिकाणी मापे वेगळी असतात. बॅग उघडून आत हात घालून बघायला जो वेळ जातो, तो पारदर्शक बॅगेत वाचतो. एका बॅगेमागे वाचलेले काही सेकंद हजारो बॅगांनी गुणले की गेटबाहेरची गर्दी किती कमी होईल, याचा हिशेब करून बघा.

बहुतेकांची चूक होते ती इथे. गेटवर बॅग नाकारली जाते, लॉकर भरलेले असतात, सामना सुरू व्हायला दहा मिनिटे उरलेली असतात. मग माणूस ती बॅग बॅरिकेडच्या कडेला, झाडाखाली किंवा कचऱ्याच्या डब्यामागे ठेवून आत जातो. अर्ध्या तासाने ती कुणाच्या तरी नजरेस पडते, बेवारस वस्तू म्हणून तो भाग रिकामा करावा लागतो आणि श्वानपथक बोलवावे लागते. ज्या भीतीपोटी तपासणी चालू आहे, तीच भीती आपण गेटवर सोडून आलेलो असतो. नाकारलेली बॅग सोडायची नाही. गाडीत परत न्या, नाहीतर गेटवरच्या माणसाला जमा करण्याची अधिकृत जागा विचारा.

औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. इन्सुलिनची सुई, इनहेलर असे काही असेल, तर तपासणीच्या टेबलापाशी पोहोचताच स्वतःहून सांगा. तिकीट मोबाइलवर असेल तर घरूनच उघडून फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. अनेक तिकिटांचा कोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. गेटजवळ इंटरनेट रखडते, हेही गृहीत धरा.

सामना सुरू होण्याच्या किमान दीड तास आधी पोहोचा. शेवटच्या अर्ध्या तासात रांगेचा दाब वाढतो, तपासणारे घाई करतात, मागचे पुढच्यांना ढकलतात. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमवर १९८९ मध्ये चेंगरून माणसे गेली, त्या दुर्घटनेची सुरुवात अशाच गेटबाहेरच्या कोंडीतून झाली होती.

आत गेल्यावरची पहिली पाच मिनिटे

खाण्यापिण्याच्या आधी दारे बघा. आलात ते एक, आणि वेगळ्या दिशेला असलेले आणखी एक. घाईत माणूस आलेल्या वाटेनेच परत फिरतो, शेजारचे दार रिकामे असले तरी त्याला ते दिसत नाही. आपल्या रांगेपासून दुसऱ्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवा. धूर असला किंवा दिवे गेले, तर हाताने खुर्च्यांच्या पाठी मोजत जाता येते. ब्रिटनमधल्या मैदानांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढण्याचा वेळ कमाल आठ मिनिटे धरला आहे. म्हणजे व्यवस्था नीट असली तरी काही मिनिटे लागणारच. त्या वेळात ढकलाढकलीने काही मिळत नाही.

चुकामूक झाली तर भेटायची जागा स्टेडियमबाहेरची ठरवा, आणि ती स्टेशनच्या किंवा पार्किंगच्या मुख्य वाटेवर नको. ‘गेटपाशी भेटू’ निरुपयोगी, कारण गेट बंद होऊ शकते. हजारो फोन एकाच वेळी लागले की कॉल लागत नाहीत. साधा एसएमएस बहुधा जातो. मुलांच्या मनगटावर बॉलपेनने नंबर लिहा आणि आत शिरण्यापूर्वी त्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. हरवलेल्या मुलाचे वर्णन करताना शर्टचा रंग हमखास चुकतो.

बेवारस वस्तू दिसली तर

प्रत्येक विसरलेली सॅक बॉम्ब नसते, आणि प्रत्येकीवर आरडाओरडा केला तर कोणीच लक्ष देईनासे होईल. सुरक्षेतले लोक तीन प्रश्न वापरतात. वस्तू मुद्दाम लपवल्यासारखी आहे का? बाहेर आलेल्या तारा, बॅटरी, टेप, गळणारे द्रव असे उघड संशयास्पद काही आहे का? आणि या जागी अशी वस्तू नेहमी दिसते का? खाण्याच्या स्टॉलशेजारच्या बाकावर उघडी पडलेली मुलाची सॅक नेहमीचीच. खांबामागे कोंबलेली, चेन लावलेली जड सॅक तशी नाही.

संशय पक्का असेल तर हात लावू नका, हलवू नका, जवळ उभे राहून फोटो काढू नका. फोन करायचा असेल तर आधी किमान १५ मीटर दूर जा. लहान वस्तूपासून १०० मीटर अंतर ठेवतात. नुसते अंतर पुरत नाही, मध्ये भिंत हवी. वस्तू तुम्हाला दिसत असेल तर तिचे तुकडेही तुमच्यापर्यंत येऊ शकतात. काच असलेली भिंत आडोसा म्हणून धरू नका. कर्मचाऱ्याला चार गोष्टी सांगा: काय पाहिले, नेमके कुठे, किती वाजता, आणि जवळ कोण होते.

२७ जुलै १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी शहरातल्या सेंटेनियल ऑलिंपिक पार्कमध्ये बाकाखालची सॅक रिचर्ड ज्युवेल या सुरक्षारक्षकाच्या लक्षात आली. पोलिसांना कळवून लोकांना मागे हटवणे चालू असतानाच स्फोट झाला. शंभरहून अधिक जखमी झाले, पण गर्दी हटत होती म्हणून बळी कमी गेले. पुढे काय झाले? काही दिवसांतच माध्यमांनी ज्युवेललाच संशयित म्हणून रंगवले. त्याच्यावर संशय नाही असे अधिकृतपणे सांगायला ऑक्टोबर उजाडला. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ मध्ये पकडला गेला.

गर्दी दाटली की

३ जून २०१७ ला इटलीतल्या ट्युरिनच्या चौकात मोठ्या पडद्यावर चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत दाखवत होते. कुठेतरी एक धक्का बसला, हल्ला झाला असे लोकांना वाटले आणि पळापळ सुरू झाली. दीड हजारांहून अधिक लोक जखमी झाले, पुढे त्यात मृत्यूही झाले. जमिनीवर पडलेल्या बाटल्यांच्या काचांनी कित्येकांचे पाय फाटले. तपासात निघाले ते असे की, चोरी करण्यासाठी एका टोळीने मिरीचा स्प्रे मारला होता. बॉम्ब नव्हता, हल्लेखोर नव्हता.

म्हणून गर्दी ओळखायला शिका. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली की दाटी वाटते, पण पाय आपल्या ताब्यात असतात. दोन्ही खांद्यांना अनोळखी खांदे सतत लागू लागले, तर सरळ कडेला निघायची वेळ झाली. चेहऱ्याला हात लावायला जागा उरली नसेल तर उशीर झाला आहे. त्यापुढे गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि कोण ढकलतोय हे कुणालाच कळत नाही. अशा वेळी माणसे बहुधा पायाखाली येऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने मरतात.

सापडलात तर दोन्ही हात कोपरात दुमडून मुठी छातीपुढे धरा, म्हणजे फासळ्यांपुढे श्वासापुरती पोकळी राहते. एक पाय थोडा पुढे ठेवा. हेलकावा आला की त्याच्याविरुद्ध जोर लावू नका. तो ओसरला की तिरके एकेक पाऊल कडेला सरका. भिंत, कुंपण आणि बॅरिकेड टाळा. फोन, चप्पल पडली तर पडू द्या, वाकू नका. ओरडण्यात श्वास घालवू नका. पडलात आणि उठता आले नाही, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी डोके झाका.

कुणाला वाहती जखम असेल तर कापडाचा बोळा जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबून धरा. थांबले का ते बघायला मध्येच उचलू नका, धरत आलेली गुठळी सुटते.

पहिल्या तासातल्या बातम्या

घटना खरी असो वा नसो, पहिल्या तासात फिरणारी माहिती बरीचशी चुकीची असते. त्यामागे दरवेळी कुणाचा डाव असतोच असे नाही. आवाज घुमतो म्हणून एका स्फोटाचे दोन होतात, पळणारा माणूस संशयित वाटतो.

एप्रिल २०१७ मध्ये जर्मनीत बोरुसिया डॉर्टमुंड संघाच्या बसजवळ स्फोट झाले. जागेवर चिठ्ठ्या सापडल्या, त्यावरून धार्मिक दहशतवादाचा संशय आला. दहा दिवसांनी अटक झाली ती एका वेगळ्याच माणसाची: क्लबचा शेअर पडला की नफा होईल असे व्यवहार करून त्याने बॉम्ब लावले होते. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या रात्री छातीठोकपणे बोललेल्या प्रत्येकाचा अंदाज चुकला होता. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर तर हौशी शोधकांनी गर्दीच्या फोटोंवर गोल काढून निरपराध माणसांना संशयित ठरवले.

मुद्दाम बनवलेले साहित्यही असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकआधी नामांकित वृत्तवाहिन्यांचे लोगो आणि गुप्तचर संस्थांची नावे लावून ‘लोक भीतीने तिकिटे परत करत आहेत’ अशा धर्तीचे बनावट व्हिडिओ पसरवले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अहवालाने त्यांचा माग रशियाशी जोडलेल्या गटांपर्यंत नेला.

पडताळणी अशी करा. व्हिडिओतले दोन-तीन स्पष्ट क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्स, टिनआय या चित्र शोधणाऱ्या साधनांत टाका. जुना व्हिडिओ नव्या नावाने फिरत असेल तर इथेच सापडतो. सावल्यांची लांबी सांगितलेल्या वेळेशी जुळते का, पाट्या कोणत्या भाषेत आहेत, खेळाडूंची जर्सी याच हंगामाची आहे का, हे बघा. वाहिनीचा लोगो दिसला तर त्या वाहिनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तीच बातमी शोधा. तिथे नसेल तर लोगो चिकटवलेला समजा. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असेल तर तो संदेश तुमच्यापर्यंत पाच-सहा हातांतून तरी आलेला आहे.

कारस्थानाचे दावे

‘हे आधीच कुणीतरी सांगितले होते’ हा सर्वांत लोकप्रिय प्रकार. खासगी खात्यावर सामन्याचे सगळे संभाव्य निकाल टाकून ठेवायचे, नंतर चुकीचे पुसायचे आणि खाते खुले करायचे, ही जुनी युक्ती आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकआधी बोधचिन्हातल्या आकारांतून हल्ल्याचे संकेत वाचले गेले. हल्ला झाला नाही, आणि ते वाचणाऱ्यांपैकी कोणी हिशेब द्यायला आले नाही.

‘त्याच दिवशी सुरक्षेचा सराव (मॉक ड्रिल) होता, म्हणजे सगळे ठरलेले’ हा दुसरा प्रकार. प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी असे सराव होतातच, त्यामुळे तारीख जवळ असण्याने काही सिद्ध होत नाही. १५ मे २०१६ ला मँचेस्टरमधल्या ओल्ड ट्रॅफर्ड या फुटबॉल मैदानावरचा सामना रद्द झाला तो सरावानंतर स्वच्छतागृहात विसरलेल्या नकली बॉम्बमुळे. निष्काळजीपणा होता, तो उघडपणे मान्य झाला. तिसरा प्रकार खेळाडू कोसळल्यावरचा. जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात पडताच कोविडच्या लसीला दोष दिला गेला. त्याने लस घेतलीच नव्हती, असे त्याच्या क्लबच्या संचालकांनी सांगितले.

पण म्हणून अधिकृत निवेदन आले की विषय संपला, असेही नाही. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ माणसे गेली. चाहत्यांनी गेट फोडले असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. ते गेट पोलिस अधिकाऱ्याच्या आदेशानेच उघडले होते, आणि चाहत्यांचा दोष नव्हता हे ज्यूरीने २०१६ मध्ये नोंदवले. २०२२ च्या पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात गोंधळ झाला, तेव्हा फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी तीस-चाळीस हजार लोक बनावट तिकिटे घेऊन किंवा तिकिटाशिवाय आल्याचे सांगितले. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीने मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे सामना भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेचीच ठरवली. फरक पाहा: या दोन्ही ठिकाणी खोटे उघड झाले ते साक्षी, चित्रफिती आणि नोंदी तपासून. म्हणून दावा कुणाचाही असो, एकच प्रश्न विचारा: कोणता पुरावा समोर आला तर तुम्ही हे मत सोडाल? याला उत्तर नसेल तर त्या वादात वेळ घालवू नका.

घरच्या ग्रुपवर भीतीचा संदेश आला तर ‘मूर्खपणा आहे’ असे लिहू नका, लोक इरेला पेटतात. इतकेच लिहा: ‘हा व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा आहे, मूळ ही लिंक. स्टेडियमच्या अधिकृत खात्यावर आत्ता अमुक लिहिले आहे.’ लिंक नसेल तर ‘अजून कळलेले नाही’ असे लिहा.

तुम्ही स्वतः काही चित्रित केले असेल तर पोलिसांची हालचाल दिसेल असे काही लाइव्ह टाकू नका. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, कापू नका, फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीतून वेळ आणि जागेची माहिती निघून जाते, चित्रही दाबले जाते. तपास यंत्रणेने आवाहन केले की त्यांच्या दुव्यावर मूळ फाइल द्या, आणि फोनचे घड्याळ पुढे-मागे असेल तर किती, तेही लिहून द्या.