चकमकीची जुनी बंदूक घेताय? या चुका टाळा

वाड्याच्या माळ्यावरून उतरवलेली ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची आणि चकमकीच्या ठिणगीने पेटवायची, हातात आली की घोडा चढवून चाप ओढावासा वाटतोच. कृपा करून ओढू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते, आणि कित्येक बंदुका बार भरलेल्याच भिंतीला टांगल्या गेल्या. तपासायची रीत सोपी आहे. नळीच्या तोंडासमोर न येता एक लाकडी काठी अलगद तळापर्यंत सरकवा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहा. तिचं टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाची (ठिणगी झेलणाऱ्या बाहेरच्या दारूची) आग जिथून आत जाते त्या भोकापर्यंत पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. मग खरवडणं नको, तापवणं नको, ड्रिल तर मुळीच नको. परवानाधारक कारागिराला बोलवा.

दुसरी चूक नावाची, पण ती पैशात महाग पडते. विकणारे सगळ्याच लांब बंदुकांना ‘रायफल’ म्हणतात. रायफल म्हणजे नळीच्या आत पीळदार खाचा. ब्रिटिश फौजेने 1800 च्या सुमारास घेतलेल्या बेकर रायफलीत अशा सात खाचा होत्या. आपल्याकडे जास्त सापडते ती कंपनी सरकारची ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट, 39 इंची, आतून गुळगुळीत नळीची. 1803 च्या असईच्या लढाईत कंपनीच्या पलटणींकडे याच घडणीच्या बंदुका होत्या. तिचं मोल वेगळं आहे आणि ते कमी नाही. फक्त रायफलीचा भाव देऊन ती घेऊ नका.

शिक्के पाहून भुलणं ही तिसरी चूक. लॉकच्या, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्राच्या, पट्टीवर कंपनीचा उभा सिंह दिसला की हात थरथरतो, हे मला ठाऊक आहे. पण खैबरच्या परिसरातल्या कारागिरांनी या शिक्क्यांच्या भरपूर नकला केल्या. उलटी किंवा वेडीवाकडी अक्षरं, उथळ कोरलेला सिंह, पट्टी आणि लाकडाच्या खाचेत फट, असं काही दिसलं तर थांबा. टिपूच्या श्रीरंगपट्टणात बनलेल्या बंदुकांची गोष्ट उलट आहे. तिथल्या मौलूदी सनाचे, म्हणजे टिपूच्या स्वतःच्या कालगणनेतल्या वर्षाचे, आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. हे माहीत नसलेला माणूस खऱ्या तारखेला खोटी ठरवून बसतो.

पुढे टोपीच्या बंदुका, म्हणजे घोडा आपटल्यावर पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने बार उडवणाऱ्या, आल्या तेव्हा चकमकीच्या अनेक बंदुका त्या पद्धतीच्या करून घेतल्या गेल्या. आता भाव मिळतो म्हणून काहींना परत चकमकीचा घोडा बसवतात. पट्टीवर बुजवलेली भोकं, नव्याने बसवलेला कान आणि जुन्या पट्टीवर नको तितका ताजा घोडा, या खुणा शोधा.

कागदपत्रांकडे काणाडोळा करू नका. ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धवट आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला आहे. चालू स्थितीतली किंवा दुरुस्त होऊ शकणारी बंदूक घेण्याआधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात विचारा. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त दुःख होतं ती: साफसफाई. चिंचेने लखलखीत केलेलं पितळ आणि पॉलिश पेपरने पांढरी केलेली नळी मी पाहिली आहे. दोनशे वर्षांत चढलेली तपकिरी झाक पाच मिनिटांत गेली, शिक्केही पुसट झाले, आणि ते पुन्हा येत नाहीत. घट्ट बसलेली काळसर झाक तशीच राहू द्या. बोटाला लागणारा लालसर गंज तेवढा सौम्य तेल आणि मऊ फडक्याने, अनेक दिवस घेऊन काढा. उघड्या हाताचा घाम लोखंडाला लागतो, म्हणून हातमोजे घाला. कोकणात असाल तर पावसाळ्यात बंदूक बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आणि चामड्याच्या म्यानात तर कधीच ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

लॉक उघडायचंच असेल तर आधी फोटो काढा, पेचांत तेल सोडून दोन दिवस थांबा आणि खाचेत अचूक बसेल असाच पेचकस घ्या. हे पेच हाताने केलेले आहेत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पुठ्ठ्यावर लॉकचं चित्र काढून प्रत्येक पेच त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा.