विनोदी पंक गाणं करायचंय? आधी रडणारा माणूस शोधा

छोटं विनोदी पंक गाणं, म्हणजे वेगवान, साधं, आरडाओरडा करणारं रॉक, करायला बसलात की पहिली दहा मिनिटं जोक शोधण्यात घालवू नका, आधी रडणारा माणूस शोधा. १९७८ चं 'जिल्टेड जॉन' (प्रेयसीने सोडलेला जॉन) हे गाणं ऐकलंय का? ग्रॅहम फेलोज हा मँचेस्टरला नाटक शिकणारा पोरगा, त्याने जॉन नावाचं पात्र घेऊन ते गायलं, रॅबिड रेकॉर्ड्स या तिथल्याच छोट्या कंपनीने काढलं आणि तेही बी साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, पण लोकांना आवडलं नेमकं तेच, मग ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने उचललं आणि गाणं ब्रिटनच्या चार्टवर चौथ्या नंबरला जाऊन बसलं.

गोष्ट एवढीशीच, ज्युली जॉनला सोडून गॉर्डनकडे जाते. पण जॉन रडत रडत चिप्सच्या दुकानापर्यंत जातो, बाहेर येतो तर बस स्टॉपवर गॉर्डन उभा, सोबत ज्युली, आणि दोघं याच्यावरच हसतायत! 'माझं काळीज तुटलं' वगैरे लिहिण्यापेक्षा ते चिप्सचं दुकान शंभरपट भारी. तुमच्या पात्रालाही असंच करा, दुःख त्याच्यासाठी डोंगराएवढं पण आपल्याला फालतू वाटेल असं, आणि जागा, वस्तू, नावं अगदी नेमकी.

मग कोरस. शत्रूचं नाव छोटं हवं, चार जणांनी मिळून ओरडता येईल असं, आणि त्याला बालिश यमक, 'सुहास, तू बकवास' टाइप. हुशार यमक नको, चिडलेल्या माणसाला ते सुचत नाही.

गिटारवर कॉर्ड तीन पुरे, ए, डी, ई. स्पीड १७० ते १८० बीपीएम (मिनिटाला ठोके), पिक (तार छेडायची पट्टी) फक्त वरून खाली. कडव्यात उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या बॉडीवर तारा टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकवून वाजवा, आवाज दबका ठकठक येतो, कोरसला हात उचलला की सगळं एकदम फुटतं आणि वेगळं काही वाजवायची गरजच पडत नाही. लांबी दोन-अडीच मिनिटं. रामोन्स या अमेरिकन पंक बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी साधारण २९ मिनिटांत उरकलीत, त्यावरून अंदाज घ्या.

गाताना हसायचं नाही, हे सगळ्यात अवघड. अर्धं बोलल्यासारखं, नाक चोंदल्यासारखं गा, आणि बँडनेही सरळ तोंडाने वाजवायचं. जिल्टेड जॉनचा प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट होता, पुढे जॉय डिव्हिजन या उदास गाण्यांच्या बँडचे अल्बम करणारा तोच, म्हणजे बघा, हसवायचं काम कुणाकडे होतं!

रेकॉर्डिंगला फार खर्च नको. कोरसवाल्यांना एकाच माइकपासून चार पावलं लांब उभं करा, दोनदा ओरडून घ्या आणि दोन्ही टेक एकावर एक टाका. थोडं मागेपुढे झालं तर राहू द्या, ऑटोट्यून (सूर सुधारणारं सॉफ्टवेअर) तर अजिबात लावू नका, गल्लीतली पोरं ओरडतायत असंच ऐकू यायला हवं.