गळ टाकायला जायचंय? 15 दिवसांच्या अंदाजावर तारीख फिक्स करू नका

येलदरी धरणावर गळ टाकायला जायचं म्हणून आम्ही 15 दिवस आधीच मोबाईलवर ऊन बघून गाडी ठरवायचो आन् ऐनवेळी असं वारं सुटायचं की गळाच्या दोरीला पोट यायचं (ती वाऱ्याने फुगून वाकायची), मासा ओढतोय का वारं तेच कळायचं नाही. आता लागोपाठचे दोन रविवार मोकळे ठेवतो, 4-5 दिवस आधी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघतो आणि आदल्या रात्री परत बघूनच नक्की करतो. नुसता पाऊस नका बघू, वाऱ्याचा वेग पण बघा, तोच जास्त महत्त्वाचा.

मोबाईलमध्ये दामिनी ॲप ठेवा, आसपास 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजेचा इशारा मिळतो. पण रेंज नसली तरी गडगडलं की लगेच गळ गुंडाळा, गळाची कार्बनची काठी हातात धरून काठावर थांबू नका, झाडाखाली तर अजिबात नाही, सरळ गाडीत बसून काचा लावा.