स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर जा: घराचा सांगाडा उभा राहतानाची तयारी

पाया भरून झाला, प्लिंथ (जोतं) झाली, आता कॉलम उठणार आणि मग पहिला स्लॅब. या टप्प्यात बहुतेक घरमालक एकच दिवस पक्का ठरवून साइटवर जातात आणि तो म्हणजे स्लॅब भरायचा दिवस. खरं सांगायचं तर त्या दिवशी तुमच्या हातात फारसं काही नसतं, मिक्सर सुरू झाला, वीसपंचवीस माणसं लाइनला लागली की "थांबा, ही रिंग चुकलीय" म्हणायची कोणाची हिंमत होत नाही, आणि म्हटलं तरी ठेकेदार हसून पुढे जातो. जे बघायचं ते आदल्या दिवशी, सळई उघडी दिसत असताना बघायचं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं काँक्रीट पडायच्या आधीचं आहे.

सगळ्यात आधी कागद. स्ट्रक्चरल इंजिनीअरची ड्रॉइंग घरी फाइलमध्ये असून उपयोग नाही, एक सेट साइटवर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये पाहिजे आणि तोच शेवटचा सुधारलेला सेट आहे ना हे तारीख बघून खात्री करायची, कारण आर्किटेक्टने खिडकी सरकवलेली असते आणि फिटर (सळई बांधणारा) जुन्या कागदावरून बीम बांधत बसलेला असतो. कॉलमचं शेड्यूल, बीमचं, स्लॅबचं आणि जिन्याचं डिटेल, एवढं असलं की झालं. तुमच्या स्वतःच्या खिशात ५ मीटरचा टेप, खडू, टॉर्च आणि ड्रॉइंगचे फोटो असलेला मोबाइल ठेवा. ओळंबा मिस्त्रीकडे असतो, तो मागून घ्या, लाजायचं काय त्यात.

मग ते निर्णय जे नंतर बदलता येत नाहीत. बाथरूमचा स्लॅब किती खाली घ्यायचा, टाकी गच्चीवर कुठे बसणार (भरलेल्या टाकीचं १००० लिटर म्हणजे पाण्याचंच १ टन वजन, ते कुठल्या बीमवर येतंय हे इंजिनीअरला आधी माहीत पाहिजे), सोलर हीटर कुठे, पुढेमागे वरचा मजला चढवायचाय का, पंखे कुठे, ड्रेनेजचे पाइप बीममधून जाणार असतील तर कुठून. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बीममध्ये स्लीव्ह (पाइप जायला आधीच ठेवलेली नळी) टाकायची असेल तर ती जागा इंजिनीअरने दाखवायची, प्लंबरने नाही, आणि नंतर हॅमर लावून बीमला भोक पाडणं हा विषयच नको. हे सगळं घरात बसून, कुटुंबाशी भांडून जे काय असेल ते कॉलम उठायच्या आधी संपवा.

मालाकडे वळू. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर टेस्ट केल्याशिवाय कॉलम-स्लॅबला वापरायचं नाही. गोण्या जमिनीवर नाही, फळ्यांवर, भिंतीपासून जरा लांब रचलेल्या हव्यात. सळईवर ग्रेड आणि कंपनीचा शिक्का उठवलेला असतो, फे ५०० डी लिहिलं असेल तर ड्रॉइंगमध्येही तेच आहे का बघा. वजनाचा हिशोब सोपा आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचं किलोतलं वजन येतं. म्हणजे १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलोच्या आसपास, १२ मीटरची पूर्ण लांबी साधारण १०.७ किलो. या जाडीला मानकात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी भरली तर गाडी उतरवायच्या आधी बोला, उतरवल्यावर बोलण्याला काही किंमत राहत नाही. थोडासा तांबूस गंज असला तर घाबरू नका, पण हाताने चोळल्यावर खपल्या पडत असतील तर ब्रश मारल्याशिवाय बांधू देऊ नका. वाळूचं एक झटपट बघणं: काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि स्थिर ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय नको. खडीबद्दल फार लिहीत नाही, धूळ आणि चपटे तुकडे कमी असले की बास.

आता कॉलम. कॉलमच्या शटरिंगआधी, म्हणजे साचा लावायच्या आधी, खाली छोटा स्टार्टर (कॉलमचाच तळाचा आखूड तुकडा) भरतात, तो जागेवर बसला की कॉलम जागेवर बसतो, म्हणून स्टार्टर भरायच्या आधी दोरी लावून सेंटर टू सेंटर मापं आणि दोन्ही कर्ण मोजून घ्या, कर्ण सारखे आले म्हणजे खोली काटकोनात आहे. ओळंबा कॉलमच्या दोन लगतच्या बाजूंना लावायचा, एकाच बाजूला लावून "बरोबर आहे" म्हणणारे भरपूर भेटतात. कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, ४० मिमी, आणि ते कव्हर ब्लॉकनेच (त्यासाठीचे छोटे ठोकळे), खडीचा तुकडा अडकवून नाही. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) कॉलमला ४० आणि साध्या हवामानात स्लॅबला २० मिमी कव्हर दिलंय, समुद्राजवळ वगैरे असाल तर जास्त लागतं, ते ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असेल.

रिंगांवर (उभ्या सळयांना बाहेरून वेढणारी आडवी सळई) मात्र जरा थांबा, कारण भूकंपात कॉलमला धरून ठेवतात त्या रिंगाच. खाली बसून एक रिंग नीट बघा. तिची दोन्ही टोकं कोपऱ्यातल्या सळईला वळसा घालून आत, कॉलमच्या पोटात वळलेली पाहिजेत, १३५ अंशात, आणि वळल्यानंतर पुढे सरळ शेपूट रिंगेच्या सळईच्या व्यासाच्या सहापट, कमीत कमी ६५ मिमी. बऱ्याच ठिकाणी फिटर काटकोनात वाकवून सोडून देतो, कारण बांधायला सोपं पडतं. काटकोनातली रिंग कव्हर फुटलं की उघडते. मग हुकाची जागा एकेका रिंगेला कोपरा बदलून आहे का, आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ आहेत का ते बघा. सगळ्यात जास्त चोरी होते ती बीम आणि कॉलम जिथे भेटतात त्या सांध्यात, तिथे सळयांची इतकी गर्दी असते की रिंग घालायचा कंटाळा येतो आणि नेमक्या तिथल्या रिंगा गायब असतात. वरून टॉर्च मारून मोजा. आणि लॅप, म्हणजे खालची सळई वरच्या सळईला जिथे जोडतात ती जागा, भूकंपाच्या नियमाप्रमाणे कॉलमच्या मधल्या भागात पाहिजे, सगळ्या सळयांचा लॅप एकाच उंचीवर नको, निम्म्या इथे निम्म्या तिथे. सवयीने स्लॅबच्या लगेच वर सगळे लॅप मारतात, त्यामुळे सळई कापायच्या आधीच हे बोलून ठेवा, कापल्यावर कोणी ऐकत नाही.

कॉलम भरताना काँक्रीट फार उंचावरून टाकायचं नाही, दीड मीटरच्या वर पडलं की खडी वेगळी आणि लगदा वेगळा होतो, मग खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. व्हायब्रेटरची सुई आत-बाहेर सावकाश, सळईला टेकवून नाही. साचा १६ ते २४ तासांनी काढता येतो आणि काढल्या काढल्या गोणपाट गुंडाळून पाणी. कॉलमवर पाणी टिकत नाही म्हणून क्युरिंगमध्ये (काँक्रीट ओलं ठेवण्यात) सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावरच होतो.

सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू) बघायला खालून जा. प्रत्येक टेकू किंवा जॅक घट्ट जमिनीवर, खाली फळी, सैल विटांच्या चळतीवर ठेवलेला नसावा, आणि टेकू एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेले असावेत. मऊ भराव असेल आणि रात्री त्यावर पाणी सांडलं तर टेकू खचतो, ते आधीच लक्षात ठेवा. प्लेटांच्या फटी टेपने बंद, तेल सळई ठेवायच्या आधी लावलेलं. नंतर तेल मारलं की सळईलाही लागतं आणि काँक्रीट पकड घेत नाही. बीमच्या तळाशी भुसा, तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, सगळं सापडतं तिथे, एअर ब्लोअर किंवा पाण्याने साफ करायला सांगा, आणि साफ करायला बीमच्या एका टोकाला छोटी खिडकी ठेवायला सांगितली तर कचरा निघतो तरी.

स्लॅबच्या जाळीत दोन गोष्टी मी तरी आधी बघतो. मेन सळई छोट्या बाजूच्या दिशेने आणि खाली आहे ना, आणि बाल्कनीची सळई वर आहे ना. बाल्कनी, छज्जा, जे काही एका बाजूला लटकतं त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, कारण ताण वर येतो, आणि ती आतल्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगमध्ये दिलेल्या लांबीइतकी गेलेली पाहिजे. हे बहुतेक फिटरना माहीत असतं, बांधतातही बरोबर, घोटाळा होतो तो नंतर. घमेली घेऊन माणसं त्याच सळईवरून चालतात, खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचेच स्टँड) लांब लांब ठेवलेल्या असतात, सळई दबत दबत तळाला जाते आणि भरून झाल्यावर ते कोणाला दिसत नाही. म्हणून बाल्कनीत खुर्च्या दाट, चालायला वेगळ्या फळ्या, आणि भरताना तिथे सळई वर उचलून धरायला एक माणूस. एवढं ठेकेदाराशी आदल्या दिवशी ठरवून टाका, नाव घेऊन, की हा माणूस इथे उभा राहणार.

इलेक्ट्रिशियनला जाळी बांधून झाल्यावर पुरेसा वेळ द्या. पाइप खालच्या जाळीच्या वर जातात, खाली नाही, आणि एकाच जागी पाचसहा पाइपांचा जुडगा करू नये, स्लॅब आधीच ५ इंच असतो. फॅन बॉक्सचे तोंड कागद किंवा थर्माकोलने बंद. मग वरून पूर्ण स्लॅबचे फोटो काढा, टेप ठेवून, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे. नंतर ड्रिल मारताना हे फोटो कामाला येतात.

मोजमाप पण करून ठेवा. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे बीम सोडून ४१७ घनफूट, साधारण ११.८ क्यूबिक मीटर. एम २० ला (काँक्रीटची ग्रेड) क्यूबिक मीटरमागे ८ गोण्या धरल्या तर फक्त स्लॅबला ९५ च्या आसपास, बीम वेगळे. सिमेंट मध्येच संपलं आणि दोन तास काम थांबलं तर तिथे जोड पडतो, आणि तो जोड कुठे चालेल हे इंजिनीअरलाच सांगता येतं, त्यामुळे "समजा थांबावं लागलं तर कुठे थांबायचं" हे आधीच विचारून खडूने खूण करून ठेवा. दुसरा व्हायब्रेटर किंवा निदान दुसरी सुई, डिझेल, पाण्याची भरलेली टाकी, ताडपत्री, संध्याकाळ झाली तर हॅलोजन. आणि इंजिनीअरची भेट आदल्या दुपारी, त्यांची सही असलेला कागद हातात आल्याशिवाय मिक्सर बोलावू नका. संध्याकाळी सहा वाजता तपासणी ठेवली तर निघालेली चूक रात्री कोण दुरुस्त करणार.

भरायच्या दिवशी तुमचं काम दोनतीनच गोष्टी. एक, पाणी. काँक्रीट पातळ केलं की पसरायला सोपं जातं म्हणून मजूर पाणी वाढवतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ धरलं तर ५० किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर होतात, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. मिक्सरजवळ मापाची बादली ठेवा आणि तिथेच उभे राहा. रेडीमिक्स (गाडीतून येणारं तयार काँक्रीट) असेल तर चलनावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ वाचा आणि गाडीत वरून पाणी घालू देऊ नका. दोन, क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे. ६ ते १५ क्यूबिक मीटरला २ नमुने, दर नमुन्याला ३ क्यूब, त्यांच्यावर तारीख आणि भाग लिहून ठेवा, २८ दिवसांनी रिपोर्ट बघायचा. तीन, खाली सेंट्रिंगचा एक माणूस सतत फिरत ठेवायचा, टेकू सैल झाला की पाचर मारायला. बाकी सूचना ठेकेदारामार्फत, मजुरांना थेट ओरडत सुटलात तर दोन मालक झाले आणि काम एकाचंही नाही.

स्लॅब घट्ट झाला की वाफे करून पाणी भरायचं. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅगवालं असेल तर १० दिवस, कडक उन्हाळ्यात अनुक्रमे १० आणि १४. पाणी कोण भरणार हे नाव ठरलेलं असू द्या, "बघू" म्हटलं की तिसऱ्या दिवसापासून स्लॅब कोरडा. टेकू काढायची घाई ठेकेदाराला असणारच, त्याला प्लेटा दुसरीकडे लावायच्या असतात. साध्या सिमेंटला आणि हवा फार थंड नसेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४, बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१, आणि सिमेंट फ्लाय अॅशचं असेल किंवा थंडी असेल तर इंजिनीअर सांगेल तेवढे आणखी. बाल्कनीचे टेकू बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचे, मधल्या स्लॅबचे मध्यातून कडेला. आणि तोवर वर विटांचे ढीग, वाळू, काही नाही.

प्लेटा उतरल्या की लगेच खालून टॉर्च घेऊन फिरा. भोकं, उघडी सळई, बीमच्या तळाला ठिसूळ भाग दिसला तर त्यावर कोणी गपकन मसाला मारायच्या आत फोटो काढून इंजिनीअरला पाठवा, दुरुस्ती कशी करायची ते त्यांनी सांगायचं. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया उघड्या ठेवणार असाल तर त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन टोकांना टोप्या लावून घ्या, गंज पण थांबतो आणि गच्चीवर पोरं खेळताना कोणाला लागत नाही.