कपड्यांच्या दुकानाची मांडणी: आधी वाट मोजा, मग माल लावा

जागेचं माप आणि मालाची यादी तुमच्याकडे आहे, असं धरतो.

दारातून आत आल्यावर पहिली चार-पाच पावलं गिऱ्हाईक काहीच बघत नसतं. पिशवी सावरतं, डोळे उजेडाला सरावतात. तिथे चांगला माल लावला तर वाया जातो. एखादा पुतळा पुरे. ‘लोक उजवीकडेच वळतात’ हे तर शंभरदा ऐकलंय. दोन संध्याकाळी कोपऱ्यात उभे राहा आणि आपली गिऱ्हाइकं कुठे वळतात ते कागदावर काढा. खांब, काउंटर, दाराची दिशा, सगळ्यांवर ते ठरतं.

आता दोन स्टँडमधलं अंतर. इथे मी सपशेल आपटलो होतो. ‘दुकान भरलेलं दिसायला हवं’ असं जो तो सांगायचा, म्हणून मधल्या जागेत आणखी दोन स्टँड घुसवले. माल वाढला आणि नेमकी तिथलीच विक्री घटली. भाव उतरवले, पुतळ्यांचे कपडे बदलले, फरक शून्य. शेवटी एक दिवस स्टूल टाकून नुसता बघत बसलो. खालच्या दांडीवरची साइज शोधायला कुणी वाकलं, की मागून जाणाऱ्याचा धक्का लागे. पहिल्या धक्क्याला माणूस सरळ उभा राही, दुसऱ्याला हातातला शर्ट सोडून चालू लागे. याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही.

दुकानांतल्या वागण्याचे अभ्यासक पॅको अंडरहिल यांना हेच न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात दिसलं होतं. टायचा रॅक दाराजवळच्या वर्दळीत होता. तो बाजूला हलवल्यावर टाय जास्त खपू लागले.

मुख्य वाट चार-पाच फूट ठेवा, दोन स्टँडमध्ये किमान तीन. पण माप कपड्यापासून कपड्यापर्यंत घ्या, रिकाम्या दांडीपासून नको. मोठ्यांचा हँगर साधारण 17 इंच रुंद असतो. समोरासमोरच्या दोन दांड्यांवरचे अर्धे-अर्धे हँगर मिळून जवळजवळ दीड फूट वाट खातात. माझी चूक तीच होती: माप घेतलं तेव्हा स्टँड रिकामे होते.

मग खांद्याला पिशवी अडकवून स्वतः खाली वाका आणि कुणाला तरी मागून जायला सांगा. बाबागाडी किंवा चाकाची खुर्चीही फिरवून बघा. अडली तर स्टँड काढा, इंच-दोन इंच सरकवत बसू नका. प्रत्येक साइजचा एकेक नग बाहेर असला तरी भागतं, बाकीचा आत ठेवा.

सवलतीचा माल मागे. ट्रायल रूममध्ये उजेड चेहऱ्यासमोरून हवा. डोक्यावरच्या एकाच दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि नवा कपडासुद्धा नकोसा वाटतो. काउंटरपाशी मोजे, पट्टे. मात्र पैसे देणाऱ्यांची रांग तिथेच उभी राहत असेल तर तेही नकोत.